आधी विमा रद्द केला

सोमवारी सकाळी भंगारवाला आमची गाडी त्याच्या टेम्पोच्या मागे बांधून घेऊन गेला आणि दुपारच्या आत मी तिचा विमा रद्द करून टाकला. स्वभावच तसा आहे माझा. काम अंगावर राहिलं की मला घास गिळत नाही. शिवाय सव्वीस वर्षं रुग्णालयाच्या औषध भांडारात काढली आहेत. तिथला नियम असा, की मुदत संपलेलं औषध आधी नोंदीतून रद्द करायचं आणि मग फडताळातून उचलायचं, म्हणजे चुकून कुणाच्या पोटात जात नाही. गाडीचं नेमकं उलटं असतं. आधी ती कापली जाते, मग तसं प्रमाणपत्र मिळतं, मग नोंदणी रद्द होते आणि विमा सगळ्यात शेवटी. तोवर गाडी तुमच्या नावावर असते आणि तिने केलेले सगळे उद्योगही तुमच्याच नावावर.

विमा कंपनीतली मुलगी हे सांगायला चुकली नव्हती. गाडी मोडून झाली का, प्रमाणपत्र हातात आहे का, असं तिने दोनदा विचारलं. मी ठोकून दिलं, हो, तुकडे झाले, कागद दोन दिवसांत पाठवते. हे बोलणं रेकॉर्ड होतंय असंही ती सुरुवातीलाच म्हणाली होती. ते मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

गाडी कागदोपत्री माझी, पण चालवायचे अप्पा, म्हणजे माझे वडील. ते आमच्या घरापासून दोन बसथांबे पलीकडे एकटे राहतात. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की यांची मधली नजर जात चालली आहे. कडेचं दिसेल, नेमकं समोरचं दिसणार नाही. अप्पांनी ते कधी कबूल केलं नाही. मला आवाजावरून ओळखायचे आणि वर 'बारीक झालीस' म्हणायचे. मी काही बारीक झालेली नाही. मीही त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण पन्नाशी उलटली तरी मला वडिलांचा धाक वाटतो. मग मी ब्रेकच्या आड लपले. ब्रेक खरंच गेल्यात जमा होते, तीन-चारदा पाय दाबल्याशिवाय गाडी थांबायची नाही. ब्रेक गेलेत, आता मोडीत काढू या, असं मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत आणि मी सुटले.

गुरुवारी अकराच्या सुमारास मी भांडारात खोकी मोजत असताना धाकट्या जावेचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "वहिनी, गाडी दुरुस्त करून घेतलीत ते बरं केलंत. आत्ता शाळेच्या रस्त्याला दिसली."

मी तिला नंबर विचारला. तिने तो बरोबर सांगितला, वर मागच्या दाराचा पोचाही सांगितला. चालवणारा तिला दिसला नव्हता, काच धुळीने माखलेली होती.

फोन ठेवला तेव्हा हातातलं खोकं कुठे ठेवलं हेही मला कळेना. ब्रेक नसलेली गाडी, शाळेचा रस्ता, माझं नाव आणि विमा शून्य. भंगारवाल्याने कुणाला तरी ती परस्पर विकली, हे मी धरूनच चालले. उद्या तिच्याखाली एखादं लेकरू आलं, तर पोलीस कुणाच्या दारात येणार? मी त्याला सात वेळा फोन लावला. त्याने उचलला नाही. साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगून मी निघाले आणि पहिल्या बसमध्ये चढले.

बसमधून विमा कंपनीला फोन केला. विमा आत्ताच्या आत्ता पुन्हा सुरू करा म्हटलं. या वेळी दुसरी मुलगी होती, पण गोड आवाज तोच. ती म्हणाली, मोडीत निघालेल्या गाडीचा विमा सुरू करता येत नाही, आणि तुमची गाडी तर सोमवारीच मोडली आहे. मी म्हटलं, मोडलेली नाही, रस्त्यावर फिरते आहे. तेव्हा ती म्हणाली, मॅडम, हे बोलणं रेकॉर्ड होतंय. या खेपेला मी ते दोन्ही कानांनी ऐकलं आणि फोन बंद केला.

भंगारवाल्याच्या आवारात कापण्याच्या यंत्राचा नुसता कालवा चालला होता. फोन का उचलत नव्हता ते कळलं. मी त्याच्या खांद्याला धरून त्याला वळवलं आणि तोंडाला येईल ते बोलले. त्याने डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर चढवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, गाडी तुमचे वडील घेऊन गेले काल. म्हणाले, लेकीने बेत बदलला. मला वाटलं तुम्हीच पाठवलंत."

तोवर मी चोराला भीत होते. चोर परवडला असता. चोराला समोरचं दिसतं तरी.

अप्पांचा फोन नुसता वाजत राहिला. भंगारवाला बिचारा स्वतःहून म्हणाला, चला, टेम्पो काढतो. मी डोळ्यांचं सांगितल्यापासून त्याचाही चेहरा उतरला होता. आम्ही आधी शाळेच्या रस्त्याने गेलो. मी खिडकीतून गाडी कमी शोधत होते आणि गर्दी जास्त. कुठे माणसं गोळा झालेली दिसली की मी टेम्पो थांबवायला लावायचे. एके ठिकाणी चांगली दहा-बारा माणसं वाकून काहीतरी बघत होती. जवळ गेलो तर चपला स्वस्तात विकायला लावल्या होत्या. मला रडू आलं, तेही चपलांपुढे.

गाडी अप्पांच्या घराच्या अलीकडच्या चढावर सापडली. पुढचं एक चाक पदपथावर होतं आणि नाक बंद दुकानाच्या भिंतीला टेकलं होतं. अप्पा आत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्यांना काही लागलं नव्हतं. मला हायसं वाटलं, ते जेमतेम एवढंच, कारण तेवढ्यात डावीकडचा दिवा दिसला. तो फुटला होता आणि त्या बाजूला भिंत नव्हती.

मी दार उघडलं. "अप्पा, दिवा कशाने फुटला?"

त्यांनी माझ्याकडे मान वळवली, पण नजर माझ्या कानाशी कुठेतरी लागली. "मागे रस्त्यात काहीतरी आडवं आलं. मी ब्रेक दाबला, खूप दाबला. लागलाच नाही. मला वाटलं होतं, तू ब्रेकचं उगाच सांगतेस, डोळ्यांचं बोलायला नको म्हणून."

"काय आडवं आलं?"

त्यांनी पुन्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. माझ्या वडिलांना घाबरलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

"दिसलं नाही गं," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

तीन वर्षं मी या एका वाक्यासाठी झुरले होते. ते आलं आणि मला नकोसं झालं.

भंगारवाला साखळी लावायला लागला. अप्पा खाली उतरले आणि माझा दंड धरून म्हणाले, चल, बघून येऊ. मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी जाते. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही उतारावरून मागे चालू लागलो. मी प्रत्येक दारापाशी, प्रत्येक गटाराशी नजर टाकत होते आणि मनात म्हणत होते, नको, नको. कुठे ओरडा नव्हता, पण त्याने मला धीर येईना. ओरडणाराच उरला नसेल, असं वाटायचं.

दुसऱ्या वळणावर काचांचा चुरा पडला होता. तिथे रस्ता खणला होता आणि खड्ड्यापुढे ठेवलेलं पत्र्याचं पिंप आडवं झालं होतं. पिंपाच्या पोटात खोल खोक पडली होती. आजूबाजूला वाळू सांडलेली, बाकी काही नाही. मी खड्ड्यात वाकून पाहिलं. तोही रिकामा होता.

"पिंप आहे, अप्पा. वाळूचं पिंप."

त्यांनी माझा दंड सोडला. खाली बसून दोन्ही हातांनी ते पिंप चाचपलं, कड, पोट, पडलेली खोक, मग भोवतालची वाळू. सदऱ्याच्या बाह्या मळल्या तरी त्यांचं चाचपणं थांबेना.

"माणूस नाही ना?"

"नाही."

"पुन्हा बघ," ते म्हणाले.

मी पुन्हा बघितलं.