खड्ड्यातल्या सुया

लाकूड-गिरणीच्या आवारात अख्खं गाव जमलं होतं. हातात कॉफीचे पेले. आमच्या स्वीडनमध्ये देवाचं नाव नाताळात आणि मयताला निघतं, त्यामुळे आपण अंधश्रद्ध नाही अशी आमची पक्की समजूत. पाणाड्या अल्वारचं फावलं ते त्यामुळेच. त्याच्याकडे अंगारा नव्हता, लिंबू नव्हतं. हातात वाकवलेल्या दोन काड्या होत्या आणि तोंडात ‘कंपन’ हा शब्द.

गिरणीची मोठी मोटर सुरू करताना कधी धावे, कधी लगेच बंद पडे. अल्वार म्हणाला, खालून पाण्याची शीर जाते, तिची कंपनं झोंबतात. त्याने भिंतीलगत तांब्याच्या सळया पुरल्या. मोटर धावली! पुढच्या वेळी बंद पडली, तर म्हणाला, “कुणाच्या तरी खिशात फोन होता.” धावली तर सळयांचा गुण, अडली तर आमचं पाप.

आज त्याने शेवटचा उपाय सांगितला. “जागा शुद्ध झाली. आता तो रिले काढा. भित्रं यंत्र आहे, उगाच मोटर बंद पाडतं.”

रिले म्हणजे मोटरमध्ये बिघाड झाला की तत्क्षणी वीज तोडणारं यंत्र. तो काढल्यावर खरंच बिघाड झाला, तर शेजारचा माणूस भाजून मरेल. तिथे रोज उभा असतो ईसाक, विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका गुन्वोरबाईंचा मुलगा. बाई आडव्या आल्या.

“बाई, बैठकीत सगळ्यांचं एकमत झालंय,” व्यवस्थापक स्टुरे पुटपुटला.

“माझ्या पोराच्या जिवावर? वा रे एकमत! आधी रिले ठेवून एकदा चालवा. काय अल्वार, सळया काम करताहेत ना?”

अल्वारने डोळे मिटले. काड्या एकमेकींवर आल्या. “अहाहा! तांबं गातंय!”

बटण दाबलं. मोटर धावली. टाळ्या!

गुन्वोरबाईंनी पिशवीतून मातीने माखलेल्या सळया काढल्या. “गाणारं तांबं हे. तू आत गोड बन चापत होतास तेव्हा उपसलं. खड्ड्यात माझ्या विणकामाच्या लाकडी सुया आहेत.”

“आणि मोटर बंद पडली असती तर?” कुणीतरी विचारलं.

“तर ह्याने फोन शोधला असता.”

“लाकडातही ऊर्जा असते,” अल्वार म्हणाला. आणि चक्क काही माना डोलल्या! मला शिसारी आली.

बाईंनी पेल्यावर कॉफी गाळायचा कागदी कोन धरला आणि किटली उपडी केली. कॉफी कडेवरून भळाभळा सांडली. “आता पेल्यात बघून सांगा, मी किती ओतली? मोटरच्या दोन्ही टोकांना प्रवाह मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर आहेत, सीटी. दोन्हींचा आकडा जुळला की रिले गप्प. एका टोकाचा जळाला, तिथे तू लहान बसवलास, स्टुरे. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते; लहान सीटीचा लोखंडी गाभा असाच भरतो, पुढचं मोजतच नाही. रिलेला वाटतं, प्रवाह मधेच गळला, आणि तो वीज तोडतो.”

“मग कधीकधी चालते कशी?” एकाने विचारलं.

“वीज सतत उलटसुलट वाहते. बटण कोणत्या क्षणी लागलं, त्यावर झटका लहान की मोठा ते ठरतं. लहान असला तर हा सीटीही पुरतो. निव्वळ योगायोग. टाळ्या हा घेतो.”

स्टुरेने मान खाली घातली. “मोठा सीटी मागवतो, बाई. सुरुवातीचा झटका आणि रिलेपर्यंतच्या लांब तारेचा सीटीवर पडणारा भार, दोन्ही धरून.”

दुपारी अल्वार शेजारच्या गोठ्यात काड्या फिरवत होता. भोवती आमचेच लोक, पुन्हा पेले घेऊन.

अंगाऱ्याला हसणाऱ्यांनो, कंपनालाही एकदा हसा. चमत्कार दिसला की त्यातली एक वस्तू गुपचूप काढून बघा. रिले नव्हे, सळया.