केरबाचा टाक

गडमुडशिंगीच्या पिराजीचं इंजिन बिघडलं ते ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात. महाराजांच्या राज्यात तेलावर चालणारी इंजिनं तेव्हा कुठं मळ्यांतून दिसायला लागली होती, आणि ज्याच्या मळ्यात इंजिन तो माणूस छाती काढून चाले. पिराजीला ती हौस नव्हती. हौस होती त्याच्या थोरल्या भावाला, केरबाला. केरबानं इंजिन आणलं, आपला दोस्त सिकंदर मिस्त्री याला घेऊन ते बसवलं, एक हंगाम तळहातावरच्या फोडासारखं जपलं आणि पुढच्याच वर्षी मानमोडीच्या साथीत तो गेला. लग्न व्हायचं होतं बिचाऱ्याचं. मागं उरली म्हातारी आई चिमणाबाई, पिराजी आणि ते इंजिन.

बिनलग्नाचं माणूस गेलं की त्याचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवायचा, ही त्या घराची रीत. टाक म्हणजे बोटाएवढा धातूचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेलं माणूस. सोनार सगळ्या मेलेल्यांना एकच तोंड देऊन मोकळा होतो. पण चिमणाबाई त्याच्यापुढं ठाण मांडून बसली. भुवईवरची खोक, कानातली बाळी, किंचित वाकडं नाक, सगळं तिनं त्याच्याकडून तांब्याच्या पत्र्यावर उठवून घेतलं. सोनार वैतागला, पण म्हातारीपुढं त्याचं काय चालणार? घरात केरबाची तसबीर नव्हती. त्याचा चेहरा होता तो एवढ्याशा पत्र्यावर.

इंजिनाचा दांडा ज्या कड्यात फिरतो, त्याच्या आत शिसं-कथलाचं मऊ अस्तर असतं. तेच झिजलं होतं. सिकंदर नेमका दुसरं इंजिन बसवायला बिद्रीकडं गेलेला. ऊस तर तोडून पडलेला, आणि इंजिनाशिवाय चरक फिरेना. मग पिराजीनं दांडा कड्यासकट काढून बैलगाडीत घातला आणि शहरातल्या एका कारखान्यात नेला. कारखानदार म्हणाला, धातू तुमचा तुम्ही आणा, ओतून आणि कातून आम्ही देतो. त्या काळी अशीच पद्धत होती. पिराजीनं घरातलं फुटकंतुटकं कथील गोळा करून गाठोडं बांधलं, आणि बांधताना देव्हाऱ्यातला केरबाचा टाक उचलून त्यात घातला.

चुकून नाही, समजून उमजून घातला. इंजिन केरबाचं, मग केरबानं देव्हाऱ्यात अंधारात का बसावं? इंजिनातच राहू दे की, राखण करील, असं त्या भाबड्याच्या मनानं घेतलं. माया माणसाला काय काय सुचवील, त्याचा नेम नाही. म्हातारीला कमी दिसे, पूजा पिराजीच करी, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही.

दांडा परत आला, इंजिन सुरू झालं, आणि पहिल्या फेऱ्यापासून त्यात ठोका ऐकू यायला लागला. ठक्. मग थोडं थांबून परत ठक्. केरबा गुळाच्या काहिलीच्या काठावर उलथनं आपटून माणसांना बोलवायचा, अगदी तसा. गुळव्या गुंडू चुलवणापाशी बसल्या जागी दचकला आणि "आलो, आलो" म्हणून उठला. मग कुणी बोलावलं ते आठवून मटकन खाली बसला. पिराजीच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. भाऊ बोलत होता. काम नसलं की तो इंजिनाच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचा आणि त्या ठोक्याला ऊस किती आला, गूळ कसा पडला ते सांगायचा. चिमणाबाईही दारात येऊन ऐकत बसायची.

अशात एकदा म्हातारीनं विचारलं, "पिराजी, केरबाचा कंचा कान टोचलेला रं?"

पिराजी सांगायला गेला आणि अडला. उजवा की डावा? मनात कान आणून बघितला तर बाळीच दिसेना. माणूस विसरतो, म्हणून त्यानं ते सोडून दिलं. पुढं एक दिवस भुवईवरची खोक गेली. ती खोक पिराजीनंच लहानपणी दगड मारून पाडली होती. दगड आठवला, आईनं दिलेला मार आठवला, पण रक्त कुठून आलं ते आठवेना. गुंडूला विचारलं, तर तोही नुसता डोकं खाजवत राहिला. पलीकडं इंजिन ठोके देत होतं. पिराजीला त्या आवाजाची पहिल्यांदाच भीती वाटली.

सिकंदर बिद्रीहून आला तो थेट मळ्यात. त्याला रस्त्यावरच ठोका ऐकू आला होता.

"आदुगर बंद करा ते," तो म्हणाला. "अस्तरात कायतरी कठीण ऱ्हायलंय. कथलावरची मळी न काढता वतलंय कुणीतरी. परत सगळं खोलाय लागणार."

"असू द्या, मिस्त्री. चाललंय की."

"चाललंय काय चाललंय? उद्या दांडा मोडून छपरातनं भाईर जाईल."

खोलायचं म्हणजे ठोका जाणार, केरबा परत मुका होणार. पिराजीनं इंजिन बंद केलं, पण तो दांड्यावर हात ठेवून तिथंच उभा राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "मिस्त्री, तुमी दोघं जिवाभावाचं. केरबाचं नाक कसं हुतं, सांगता?"

सिकंदर हसला. "आता ते काय सांगायचं? त्येचं नाक म्हंजे..." बोलता बोलता तो थांबला. त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मात्र भिरभिरायला लागले. "आरं, काय झालं मला?" तो स्वतःशीच म्हणाला.

तेव्हा पिराजीचा धीर सुटला. टाक, गाठोडं, कारखाना, सगळं त्यानं भडाभडा सांगून टाकलं. सिकंदर त्याच्यावर ओरडला नाही. त्यानं पाना उचलला आणि बोल्ट ढिले करायला घेतले.

दुपारच्या लख्ख उन्हात त्यांनी कडं उघडलं. कथलाच्या आचेवर तांबं वितळत नाही. कारखान्यातल्या माणसानं मुशीत एकदा डोकावलं असतं तरी त्याला ते कळलं असतं, पण तेवढे कष्ट कोण घेतो? टाक होता तसा अस्तरात बसला होता, आणि त्याचं तोंड होतं फिरत्या लोखंडाच्या बाजूला. इंजिनाच्या फेऱ्यागणिक ते लोखंड त्या तोंडावरून गेलं होतं. पिराजी इतके दिवस जिला हाक समजून जीव लावत होता, ती हाक नव्हतीच. तिथं त्याचा भाऊ घासला जात होता आणि तो शेजारी बसून उसाच्या गप्पा मारत होता.

सिकंदरनं पत्रा सोडवून त्याच्या हातात दिला. नाक नाही, डोळे नाहीत, पगडीची कडसुद्धा नाही. पत्रा पाठपोट सारखाच गुळगुळीत होता.

सिकंदरनं जुनं अस्तर सगळं काढलं. नवं कथील वितळवलं, मळी काढून काढून निवळ केलं, ओतलं, आणि फिरवून बघत, घासत, परत फिरवून बघत बसवलं. काम असं झालं की दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं तेव्हा ठोक्याचा मागमूस नव्हता. नुसता पट्ट्याचा सपसप आवाज येत होता.

पिराजी टाक घेऊन इंजिनाच्या खोलीच्या दारात बसलेल्या आईपुढं बसला. "आये, चुकलं माझं," म्हणून त्यानं पत्रा तिच्या हातात ठेवला. चिमणाबाईनं त्यावरून अंगठा फिरवला. पालथा करून पुन्हा फिरवला.

"कुणाचा रं ह्यो?"

"केरबाचा, आये."

"कोण केरबा?"

तिनं हे अगदी साधेपणानं विचारलं. पिराजीनं वळून सिकंदरकडं बघितलं. सिकंदर चिंधीनं हात पुसत इंजिनाकडं कौतुकानं बघत उभा होता.

"ब्येस चाललंय की, पिराजीराव," तो म्हणाला. "हे बसवताना माझ्यासंगं कोण हुतं ओ? हात चांगला दिसतोय त्येचा."

पिराजीनं डोळे घट्ट मिटले. आत एक माणूस उभा होता, पण त्याला तोंड नव्हतं, आणि बघता बघता त्याचे खांदेही पुसट व्हायला लागले. नाव तेवढं जिभेवर होतं. ते जाईल या भीतीनं पिराजी ते मोठमोठ्यानं म्हणत राहिला, आणि म्हातारी बावरून सिकंदरला विचारत राहिली की माझा ह्यो एकुलता एक लेक असा कुणाला हाका मारतोय.