दोन माणसांचा डवरा

लहानूनं कुऱ्हाडीच्या माथ्यानं तिसरा घाव घातला तेव्हा अडकलेली पाचर एकदाची निघाली, आणि मागून धरायचं रुमणं थेट त्याच्या पायावर पडलं.

"हसू नको गा," तो म्हणाला.

"मी काई हसलो नाई बाप्पा," पोचू लोहार म्हणाला. पण भात्यामागं त्याची मिशी हलत होती.

डवरा म्हणजे तण काढायचं कोळपं; हा घरामागच्या बाडीतला, हातानं चालवायचा. वांग्या-मिरच्यांत बैलजोडी शिरत नाही, म्हणून लहानूच्या बापानं आणि शेजारच्या नानाजीच्या बापानं मिळून केलेला. लाकूड ह्यांचं, लोखंड त्यांचं. एकानं खांद्यावर दोर घेऊन पुढून ओढायचं, दुसऱ्यानं मागून रुमणं दाबायचं. लहानू पुढं, नानाजी मागं, असं पोरपणापासून चाललेलं. दोन घरांची बाडी एकच होती, मधात कुंपण नव्हतं.

मग बहात्तरच्या कोरड्या साली डवऱ्याची पास नाहीशी झाली. पास म्हणजे खालचं माती कापणारं पातं. बापानं नानाजीचं नाव घेतलं. गावाच्या बैठकीत लहानूला साक्षीला उभं केलं. लहानूनं काहीच पाहिलं नव्हतं. पण काय बोलायचं ते बापानं घरूनच सांगून नेलं होतं, आणि बाप कशाला खोटं बोलेल?

"पाह्यलो," लहानू म्हणाला. "फडक्यात गुंडाळून नेत होता."

त्याच आठवड्यात बापलेकांनी बाडीच्या मधोमध बोराट्यांचं, बोरीच्या काटेरी फांद्यांचं, कुंपण घातलं. तेरा वर्षं झाली. बाप मेला, तरी लहानू दर साली नव्या बोराट्या तोडून ते कुंपण भरत राहिला. आता त्याच्या बायकोनं, ठमाबाईनं, भेदरं, म्हणजे टमाटे, लावायचा हट्ट धरला, म्हणून गोठ्याच्या आढ्यावरून डवऱ्याचं लाकूड खाली आलं.

"बिज्याचं लाकूड हाय. अजून पक्कं," पोचू म्हणाला. "पास तेवढी लागन."

"धानोऱ्याच्या बाजारातून लोखंड आनतो मंग."

"नवं कायले? थेच देतो ना परत ठोकून."

"थेच म्हंजे?"

पोचूनं चिमट्यानं लहानूच्या खांद्यावरच्या कुऱ्हाडीकडं दाखवलं. "तुह्या बापानं नाई का पासीची कुऱ्हाड करून नेली? बाडी त करपलीच होती, त्याले जंगलात कूपकटाईवर, झाडं तोडाले, जाचं होतं. मले म्हने, गावात बोलू नको. लहानूले मालूम हाय."

लहानूनं कुऱ्हाड उतरवली. माथ्यापाशी एक बुजलेलं भोक होतं. त्यानं ते रोज पाहिलं होतं, अन् पोचूच्या हाताची खोट समजून सोडून दिलं होतं. त्यानं पास बसवायचा डवऱ्याचा खिळा उचलून त्यावर ठेवला. बरोबर तेवढंच.

त्यानं खिळा खाली ठेवला.

"नानाजीले मालूम हाय?"

"बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी आला होता इथी. बापानं तुह्या जसं सांगतलं, तसं मी सांगतलं त्याले."

"लहानूले मालूम हाय, हेबी?"

पोचूचा भात्यावरचा हात थांबला. "हेबी."

लहानूनं कुऱ्हाडीचा दांडा ठोकून काढला आणि लोखंड आपल्या हातानं विस्तवात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डवरा घेऊन बाडीत गेला. पलीकडं नानाजी मिरच्या तोडत होता. लहानू कुंपणापाशी जाऊन उभा राहिला.

"नानाजी, पास बापानंच नेली होती. मले मालूम नव्हतं गा. आईची आन. मलेबी फसवलं त्यानं."

नानाजीचे हात थांबले नाहीत. "मालूम नव्हतं?"

"नाई ना."

"अन् मले नेताना पाह्यलं, थे?"

 ठमाबाई दारात सूप घेऊन उभी होती, ती आत गेली.

मग लहानूनं दोर खांद्यावर घेतला आणि एकटाच ओढू लागला. मागं कोणाचं वजन नव्हतं. पास मातीवरून नुसती उड्या मारत आली. पहिल्या ओळीच्या शेवटाला त्यानं वळून पाहिलं, तर बोटानं ओढल्यासारखी एक रेघ. दुसरी ओळ त्यानं वाकून, दात खाऊन ओढली. तीही तशीच.

"मागून दाबाले मानूस लागते, लहान्या."

तेरा वर्षांत त्या तोंडून हे नाव आलं नव्हतं. लहानू गर्रकन वळला. नानाजी टोपली उचलून आपल्या घराकडं निघाला होता. दार लोटल्याचा आवाज आला.

लहानूनं दोर खाली ठेवला. कुंपणापाशी गेला आणि एकेक बोराटी हातानंच उपसू लागला. घरात आता कुऱ्हाड नव्हती.