बुडबुडा दाराकडे

मित्रांनो, माझ्या पोटात एक बुडबुडा आहे आणि तो जन्मात कधी स्वस्थ बसलेला नाही. मी अम्मानच्या जिर्यिस उस्तादांची, म्हणजे फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींची, जुनी पितळी पाणसळ. गवंडी मला लेव्हल म्हणतात. मला घडवणाऱ्याने काचेच्या नळीवर दोन रेघा ओढल्या. जमीन सपाट असेल तर बुडबुडा रेघांच्या मध्ये, नाहीतर उंच बाजूला. एवढं खरं सांगायचं, हेच माझं काम.

तीस वर्षं मी ते केलं. उस्ताद मला रुमालात गुंडाळून ठेवायचे आणि भेटेल त्याला माझं कौतुक सांगायचे. मग त्यांची नजर मंदावली, रुमाल हरवला आणि मी पकडी-हातोड्यांबरोबर पिशवीत आदळू लागले. नजरेचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात आम्ही उम्म झैदान नावाच्या आजीबाईंच्या घरी गेलो. जुन्या फरशीवर नव्या कडक फळ्या बसवायच्या होत्या. या फळ्या एकमेकींत अडकतात. खाली खळगा राहिला तर पाऊल पडताच सांधे मोडतात. त्यातच शुक्रवारी आजीबाईंच्या नातीला मागणी घालायला वडीलधारी मंडळी येणार होती. घाई तर विचारूच नका!

उस्तादांच्या जावयाने, वाएलने, मला जमिनीवर टेकवलं. दाराजवळ बुडबुडा दाराकडे पळाला, स्वयंपाकघराजवळ स्वयंपाकघराकडे.

"काका," तो सासऱ्यांना म्हणाला, "एकाच खोलीत दोन जिभांनी बोलतेय ही! म्हातारी चळलीय."

उस्तादांनी मान दुसरीकडे वळवली. बुडबुडा त्यांना दिसतच नव्हता. वाएलने मला राडारोड्याच्या पोत्यात टाकलं आणि फळ्यांची खोकी कोपऱ्यातल्या सतरंजीवर रचली. दोन दिवस त्यांना खोलीची हवा लागू द्यायची होती. ते दोन दिवस मी पोत्यात तळमळले. मीच खोटी असेन का? पोतं उचलायला कुणी आलं की वाटायचं, निघाले मी उकिरड्यावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आणि वाएल येऊन पाहतात तर काय, आजीबाईंनी खोलीभर बादल्या ओतलेल्या! इथल्या बायका असंच भरपूर पाणी ओतून घर धुतात.

"अहो, हे काय केलंत?" वाएल ओरडला. "आज फळ्या बसवायच्या होत्या!"

"नवी जमीन काय घाणीवर घालणार? पाहुण्यांसमोर माझं नाक कापायचंय का तुला?"

पण पाणी साचलंच नव्हतं. दाराकडून आणि स्वयंपाकघराकडून ते थेट खोक्यांखाली जात होतं आणि गुडगुडत नाहीसं होत होतं.

"खाली काय आहे?" उस्तादांनी विचारलं.

"मोरी! दुसरं काय असणार? उतार तिकडेच आहे. वर सतरंजी टाकली होती, पाहुण्यांना जाळी दिसू नये म्हणून."

"मग आधी सांगायचं नाही?"

"विचारलं होतंत कुणी?"

वाएलने खोकी आणि सतरंजी हलवली; फळ्या आत कोरड्याच होत्या. उस्तादांनी पोतं चाचपलं, मला बाहेर काढून सदऱ्याने पुसलं आणि दाराजवळ टेकवलं. मग हळूच म्हणाले, "बाई, तुमची नजर चांगली. माझी गेली. बुडबुडा कुठे आहे?"

वाएलने चमकून सासऱ्यांकडे पाहिलं.

"दाराकडे," आजीबाई म्हणाल्या.

त्यांनी माझी टोकं अदलाबदल करून मला तिथेच ठेवलं. "आता?"

"दाराकडेच."

"म्हणजे ही खोटी नाही. खोटी असती तर फिरवल्यावर बुडबुडा दुसरीकडे गेला असता." मग जावयाकडे वळून म्हणाले, "हे मीच करायला हवं होतं. लाज वाटली मला."

वाएलची मान खाली गेली. आजीबाई मात्र मोरीच्या जाळीकडे पाहत होत्या. "ही बुजवली तर मी घर धुणार कशाने?"

"फडक्याने पुसा. बादल्या उचलणं वाचलं, कंबर दुवा देईल," उस्ताद म्हणाले.

मोरी बुजवून खळगा भरला, पण तो ओला असताना फळ्या कशा बसणार? पाहुण्यांनी जुन्या फरशीवरच कॉफी प्यायली आणि लग्न ठरलंसुद्धा. फळ्या पुढच्या आठवड्यात बसल्या. आता मी वाएलच्या रुमालात असते आणि बुडबुडा कुठे आहे ते तो उस्तादांना मोठ्याने सांगतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या कुणा म्हाताऱ्याला खोटं ठरवावंसं वाटलं, तर पोत्यात टाकण्याआधी फक्त एकदा फिरवून बघा. क्षणभराचं काम आहे. मी त्यासाठी दोन दिवस वाट पाहिली.