सात वेळा परत केलेला कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. साधासुधा नव्हे, देवाला वाहिलेला! काष्टीजवळच्या एका वाडीत, बनुबाईच्या फुटक्या रांजणात मी अंडं फोडून बाहेर आलो आणि पहिलीच आरोळी अशी ठोकली, की काष्टीच्या बाजारात तीन बैल मटकन खाली बसले. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा.

बहात्तरच्या दुष्काळात बनुबाईच्या धाकट्या भावाची, सहादेवची बायको तापानं गेली. लंकाबाई तिचं नाव. तिला पुरून आल्यावर सहादेव म्हणाला, "आजपासनं देवाची न् माझी बोलचाल बंद." चर्चचा रस्तासुद्धा त्यानं टाकला. बहिणीकडं जेवणं टाकलं. भाऊ एकटाच चुलीपुढं बसून झुरून जाईल, हा एकच घोर बनुबाईला लागला.

पुढच्या साली बाजरी आली. आमच्याकडं कापणीच्या सणाला लोक पहिलं पीक, अंडी, कोंबड्या चर्चमध्ये वाहतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. गंमत अशी, की घेणारा ते पुन्हा देवालाच वाहतो, की पुन्हा लिलाव! बनुबाईनं मला वाहिलं आणि एका सकाळी मी चौघांचा झालो आणि कुणाचाच राहिलो नाही. डोकं गरगरलं. शेवटची बोली चर्चच्या धर्मगुरूंची, पाळकसाहेबांची. त्यांनी मला बनुबाईच्या हाती दिलं.

"सहादेवला नेऊन द्या."

"अन् सांगू काय?"

"काहीच नाही. नुसता कोंबडा द्या."

सहादेव भडकला. "देवाचं मला काय बी नगं, आक्का!" मला काखोटीला मारून तरातरा निघाला तो थेट चर्चच्या फाटकात. वर्षानं आला होता!

"घ्या तुमचा कोंबडा."

"बरं. चहा घेणार?"

"न्हाई!"

दुसऱ्या दिवशी बनुबाईनं मला पुन्हा नेलं. त्यानं पुन्हा आणलं. माझे पाय जमिनीला लागेनात. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "पेत्रानं येशूला नाकारलं तवा कोंबडा आरवला हुता. तसा माझ्यावर सोडलाय व्हय ह्यो?"

"छे हो, हा भर दुपारीही आरवतो. ह्याचं काय मनावर घेता?"

सहादेवला हसू फुटलं. मग हसल्याचाच राग आला आणि तो निघून गेला.

चर्चचे पंच गहिनीनाथ वैतागले. "गेला तर गेला! किती मागं लागायचं?"

"गेलेल्याच्याच दारी जायचं असतं, गहिनीनाथ," पाळकसाहेब म्हणाले. "आलेले तर इथंच बसलेत."

आठव्या दिवशी सहादेवनं मला खाली ठेवलंच नाही. "तुमी मला आत या म्हणत का न्हाई?"

पाळकसाहेबांनी चहाची कपबशी पायरीवर ठेवली. "लंकाबाईंना पुरताना माझ्याही तोंडून प्रार्थना निघेना. तुम्हाला कोणत्या तोंडानं बोलावू?"

सहादेव पायरीवर बसला. ढसाढसा रडला. पहिला हुंदका माझ्या पिसांत, दुसरा बशीतल्या चहात. फाटकाबाहेर बनुबाई पदर तोंडात कोंबून उभी होती. "उठ रं," ती म्हणाली, "भाकरी गार व्हतीय." तो उठला आणि तिच्या मागं चालू लागला. मला परत करायचं विसरूनच गेला.

आता मी म्हातारा झालोय, सहादेवच्या दारात असतो. तो रोज बहिणीकडं जेवतो. चर्चच्या आत अजून जात नाही. रविवारी मला मांडीवर घेऊन पायरीवर बसतो आणि आतल्यांच्या चपला राखतो. पाळकसाहेब चहा बाहेरच आणतात.

तुमचंही कुणी देवावर रुसून गेलं असेल, तर उपदेश पाठवू नका. जे परत करायला त्याला यावंच लागेल, असं काहीतरी पाठवा. फक्त एक विनंती, बाबांनो: भोपळा पाठवा. कोंबड्याच्या जिवाला लई ताप होतो.