गिऱ्हाइकाची खुर्ची

धाकट्या लेकीला जुळं झालं त्या वर्षीची गोष्ट. नावांवरून दोन्ही घरांत तीन आठवडे खल चालला होता, आणि त्याच तीन आठवड्यांत न्हावीकाकांच्या छातीत पहिल्यांदा आवळल्यासारखं झालं. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना झालं, थांबल्यावर गेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हृदयाला रक्त नेणारी नळी अरुंद झाली आहे म्हणाले. रोजच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि शिवाय काचेच्या छोट्या बाटलीतल्या बारीक गोळ्या. छातीत आवळलं की त्यातली एक जिभेखाली ठेवायची. "खाली बसून घ्यायची," हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांनी ते ऐकलं आणि तिथेच सोडलं.

कारण दुकानात बसायचं कुठे? भिंतीलगतचा बाक गिऱ्हाइकांनी भरलेला, आणि खुर्ची एकच. त्या खुर्चीत काका चाळीस वर्षांत एकदाही बसले नव्हते. वडिलांनी वस्तरा हातात दिला त्याच दिवशी बजावलं होतं, "ही गिऱ्हाइकाची जागा. आपली जागा तिच्या मागे." वडील स्वतः पाय सुजले तरी त्या खुर्चीत टेकले नव्हते. दुपारी दुकान रिकामं असलं तरी काका आपले दाराच्या चौकटीला टेकून उभे.

त्या दिवशी मास्तर खुर्चीत होते. निवृत्त शाळामास्तर, तीस वर्षांचं गिऱ्हाईक, दर मंगळवारी सकाळी ठरलेले. गालभर फेस लावून झाला आणि काकांची छाती आवळली. त्यांनी बेसिनकडे तोंड करून, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, गोळी जिभेखाली सरकवली. मिनिटभरात डोक्यात घण बसायला लागले. दुखणं परवडलं पण औषध नको, असं म्हणत त्यांनी वस्तरा उचलला. तेवढ्यात आरसा, मास्तर आणि भिंत असे तिन्ही एका बाजूला सरकले.

नशिबाने वस्तरा आधी पडला आणि काका नंतर. बेसिनची कड हाताला लागली म्हणून डोकं वाचलं. मास्तर गालावरच्या फेसानिशी उठले आणि बाकावरच्या दोघांच्या मदतीने त्यांनी काकांना जमिनीवर आडवं केलं.

काकूंनी घरी काही आरडाओरड केली नाही. नुसती दुकानाची किल्ली घेतली आणि आपल्या कनवटीला खोचली.

"अहो, लोकांच्या गळ्याशी पातं असतं तुमचं," त्या म्हणाल्या. "उद्या कुणाला लागलं तर?"

चार दिवस ते घरात बसले. पाचव्या दिवशी त्यांनी गॅलरीतल्या कुंड्यांमधली सगळी झाडं कात्रीने एकसारखी कापली. काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आता मांजर तेवढं राहिलंय. चला, औषधवाल्या बाईंकडे जाऊ."

औषधांच्या दुकानातल्या बाई मोकळ्या बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गोळी घेतली तेव्हा बसला होता का उभे होता?"

"उभा."

"मग पडणारच, काका. ही गोळी नसा सैल करते. रक्तदाब झरकन उतरतो. उभा माणूस कोलमडतो, बसलेला सावरतो. डोकं दुखतं तेही त्यानेच. ते गोळीचं काम चालू असल्याचं लक्षण समजा, घाबरू नका. बसायचं, एक जिभेखाली, चावायची नाही, गिळायची नाही. पाच मिनिटं घड्याळाकडे बघायचं. तरी दुखणं हटलं नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवायची, 'बघू जरा' म्हणायचं नाही. आणि बाटली ठेवता कुठे?"

"पाणी तापवतो त्याच्या वरच्या फळीवर."

बाईंनी कपाळाला हात लावला. "उष्णतेनं, वाफेनं गोळीचा जीव जातो. नवी बाटली घ्या, सावलीत, कोरड्या जागी ठेवा, झाकण घट्ट लावा. दुसऱ्या डबीत काढायची नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि ती दुसरी गोळी, पुरुषमंडळी गुपचूप घेतात ती, तुम्ही घेत नाही ना? दोन्ही एकत्र झाल्या तर जिवावर बेततं."

काकांनी समोरच्या खोकल्याच्या औषधांवर नजर रोवली. काकू म्हणाल्या, "यांनी गुपचूप काही केलं असतं तर आधी मला कळलं असतं."

घरी परतताना वाटेतच काकूंनी अट घातली. "छातीत आवळलं की हातातलं खाली ठेवायचं आणि त्या खुर्चीत बसायचं. जमत असेल तर ही किल्ली. नसेल तर कुंड्या आहेत."

"त्या खुर्चीत कसा बसू? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"विचारा की गिऱ्हाइकाला."

काकांनी किल्ली घेतली.

तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या मंगळवारी मास्तरांचा एक गाल झाला होता, दुसरा बाकी होता, आणि छातीवर ते जुनं ओझं येऊन बसलं. काकांनी वस्तरा मिटून फळीवर ठेवला. चाळीस वर्षांत जे कधी कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हणायला जीभ उचलेना.

"मास्तर," ते अखेर म्हणाले, "उठता का जरा? मला बसायचंय."

मास्तर गळ्यातल्या कापडासकट उठले. काका बसले. गोळी जिभेखाली ठेवली, बाटलीचं झाकण घट्ट लावलं, आणि घड्याळ बघायला समोर पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ आरशात उलटं दिसत होतं. त्याखाली आपलाच चेहरा, आणि सगळं किंचित उतरतं.

"मास्तर, आरसा वाकडा आहे का हो?"

"आहे की. तीस वर्षं आहे."

"मग बोलला नाहीत कधी?"

"म्हटलं, तुमची काहीतरी पद्धत असेल."

बाकावरचे हसले. काकाही हसले, जपून, गोळी हलू न देता. डोकं ठणकायला लागलं, पण या वेळी ते ठणकणं ओळखीचं होतं. चौथ्या मिनिटाला छातीवरचं ओझं उतरलं. तरी ते लगेच उठले नाहीत. मास्तर फेस वाळत चाललेला गाल घेऊन शेजारी उभे होते आणि त्यांनाही घाई नव्हती. बऱ्याच वेळाने काकांनी आधी पाय जमिनीवर टेकवले, मग हातांवर जोर देत सावकाश उभे राहिले. हात समोर धरून पाहिला. थरथरत नव्हता.

"बसा," ते म्हणाले, आणि नव्याने फेस केला.

संध्याकाळी काकूंना त्यांनी फक्त आरशाचं सांगितलं. बाकीचं काकू समजल्या. दुसऱ्या दिवशी आरसा सरळ झाला. गिऱ्हाइकं आठवडाभर कुरकुरत होती, की आता चेहरा वाकडा दिसतो.

काकांनी त्यानंतर तेरा वर्षं दुकान चालवलं. मास्तर त्यांच्या आधी दोन वर्षं गेले. काका गेले ते जुळी आठवीत होती त्या वर्षीच्या थंडीत, एका बुधवारी पहाटे, घरी, झोपेत. वय सत्त्याहत्तर. आदल्या दिवशी त्यांनी अकरा दाढ्या केल्या होत्या.