मांजर कुठं बघून ओरडतं

त्या सकाळी मी भाकरी करत होते आणि बाहेर मांजर ओरडत होतं. दोन दिवस ते थांबलंच नव्हतं. खाली शेडमध्ये आठ माग चालू होते, तरी त्या खडखडाटातून आवाज वर यायचाच. बारीक, ताणलेला, शेवटाला चढत जाणारा. "ओरड मेले, ओरड," मी म्हटलं आणि भाकरी तव्यावर टाकली. दुसरी टाकली. तिसरी थापताना हात थांबले. मांजर खिडकीच्या गजांपलीकडे बसून गुपचूप माझ्याकडे बघत होतं.

आवाज चालूच होता.

मी पिठाच्या हातांनीच आतल्या खोलीत धावले. काव्या झोळीत पालथी पडली होती. एक पाय कापडाच्या पिळात अडकलेला, तोंड कापडात दाबलेलं, कानापर्यंत सगळी जांभळी झालेली. सात महिन्यांची माझी मुलगी. किती वेळ रडत होती? दोन भाकऱ्या होईपर्यंत. आणि तिला मी मेले म्हणाले होते.

सासूबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं. "झालं की आता. गप झाली बघ."

"अत्ती, मला तिचा आवाज ओळखू आला नाही."

"ह्या खडखडाटात देवालाबी येणार न्हाय. तू कशाला मनाला लावून घेतीस?"

आमचं घर अक्कलकोट रोड एमआयडीसीत, शेडच्या वरच. टॉवेलचे माग. इथं सगळेच मोठ्यानं बोलतात, हळू बोलायची कुणाला सवयच नाही. भिंतीवरचे फोटो दर आठवड्याला सरळ करावे लागतात, एवढं घर हादरतं. माझे सासरे, मडिवाळप्पा, यांना समोर उभं राहून हाक मारली तरी ऐकू येत नाही, पण खाली एखादा माग बंद पडला की खुर्चीतून म्हणतात, "सहा नंबरचा धागा तुटला." आणि तो सहा नंबरच असतो. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. बाळंतपणानंतर भीती वाटायला लागली. या घरात फक्त माग ऐकू येतो.

पण मांजराची भीती वेगळी होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. त्याची पिल्लं मीच घालवली होती.

जिन्याखाली सुताच्या कांड्यांचं एक रिकामं खोकं होतं, त्यात ते व्यालं होतं. तीन आठवडे मी काही बोलले नाही. मग रविवारी खोलीत आले, तर मांजर कपाटाच्या कडेला उभं, पुढचे पाय झोळीच्या काठावर. आत काव्या झोपलेली. मी झाडू फेकून मारला. त्याच दुपारी शेडमधल्या कल्लप्पाला म्हटलं, पिल्लं कुठंतरी लांब सोडून ये. तेव्हापासून खोलीचं दार मी लावूनच ठेवत होते आणि मांजर दाराबाहेर, खिडकीबाहेर ओरडत होतं. मला वाटत होतं, मी त्याचं नेलं म्हणून ते माझं न्यायला टपलंय. एमएस्सी झालेल्या बाईनं असं मनात आणू नये, हे मलाही कळत होतं. माझा नवरा सोमेश माल घेऊन हैदराबादला गेलेला. त्याला फोन केला तर म्हणाला, "मांजरच आहे की."

शेवटी इफ्राला फोन लावला. शाळेपासूनची मैत्रीण, आता जनावरांची डॉक्टर.

"मांजर गप्प कसं करायचं सांग."

"आधी तुला कसं गप्प करायचं ते कुणीतरी मला सांगा," ती हसली. "खातंय का?"

"ठेवलेलं शिवत नाही."

"पाणी?"

"पितंय."

"मादी आहे? व्यालेली?"

मी खिडकीकडे पाठ केली.

"शिवे, ऐकतेस ना?"

"पिल्लं होती. मी पाठवून दिली."

मग ती म्हणाली, आता न हसता, "अगं, तिचे सड दुधानं ठणकत असतील. आणि पिल्लं तीन आठवड्यांची असली तर आईशिवाय किती दिवस काढतील? परत आण. आजच."

"ती काव्याला काही करेल का?"

"तिला काव्याचं काय पडलंय? ऐक, तोवर एक काम कर. किती ओरडते ते मोजत बसू नको. कुठं बघून ओरडते ते बघ."

मी काव्याला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात झाडू धरला आणि खोलीचं दार उघडलं. मांजर माझ्या पायाला घासूनच आत शिरलं. मी झाडू उगारला. काव्या माझ्याजवळ होती, तिचे पाय लोंबत होते, उडी मारली तर पोचेल इतके. पण मांजरानं आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते झोळीसमोर बसलं, मान वर केली आणि ओरडायला लागलं.

झोळी तर रिकामी होती.

हे बघून मला जास्तच भीती वाटली. ज्या मुलीसाठी ते येतंय असं मी दोन दिवस धरून चालले होते ती माझ्या कडेवर, मग त्याला तिथं काय दिसत होतं? मी झोळीचं कापड झटकलं. कापसाची भुकटी उडाली. ती रोजच असते. सकाळी काव्याच्या पापण्यांवरूनही मी ती पुसते. मागाच्या घरात कापूस कुठून पडला हे कुणी विचारत नाही.

मी कल्लप्पाला वर बोलावलं. "पिल्लं किती होती?"

"तीन की वैनी. कुंभारीच्या अलीकडं एक गोठा हाय, तितं सोडली. दूध मिळंल म्हनून."

"नीट आठव."

"खोक्यात तीनच हुती. हातानं उचलली की मी."

मी मोबाइल काढला. व्याली तेव्हा काढलेला फोटो होता. दोन करडी, एक पांढरं आणि कोपऱ्यात, कांडीसारखंच दिसणारं, एक काळं. चार.

सासूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "मांजर पिल्लांस्नी सात घरं दाखवतं म्हनत्यात. हिनं एकाला आदीच हलवलं असंल. हितंच हाय कुटंतरी."

"असतं तर ओरडलं नसतं का?" मी म्हटलं. म्हणजे ओरडूनच म्हटलं, आणि माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. ओरडलं असतं तर आम्हाला काय कळणार होतं?

मामंजी दारात उभे होते. त्यांना आमचं किती ऐकू आलं कोण जाणे. त्यांनी सासूबाईंच्या हातातला फोटो बघितला, मांजराकडे बघितलं आणि जिना उतरून गेले.

एकदम आठही माग थांबले.

भर कामाच्या वेळी आमच्याकडे माग असे एकदम थांबतात ते कुणी गेलं तरच. खालून एक बाई ओरडली, "कोन गेलं वो?" मांजरही गप्प झालं. त्याचे कान पुढं आले. काव्यानं माझ्या मंगळसूत्राची दोरी तोंडात धरली होती, ती तिनं सोडली. मला वाटतं, जन्मल्यापासून दिवसा इतकी शांतता तिनं पहिल्यांदाच ऐकली.

आणि मग वरून आवाज आला. आवाज कसला, सुताचा धागा ओढल्यासारखं काहीतरी. झोळीच्या वर माळा आहे, तिथं टॉवेलचे गठ्ठे रचलेले असतात.

कल्लप्पा स्टुलावरून कपाटावर चढला, माळ्यावर वाकला. "हाय! भिताडाला, गठ्ठ्यांच्या मागं. जित्तं हाय वैनी!"

मी खाली उभी राहून वर बघत होते. त्याचा चेहरा गठ्ठ्यांच्या वरून दिसला, आणि तो इतक्या हळू बोलला की आमच्या घरात तसं कुणाला बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"वैनी. बाळाला घिऊन मागं सरा. सावकाश."

मी सरकले. भिंतीला पाठ टेकेपर्यंत.

"फुडचा गठ्ठा निम्म्याच्या वर भाईर आलाय. दोरी खिळ्यात अटकलीया म्हनून ऱ्हायलाय. एकच पदर उरलाय दोरीचा."

रोज घर हादरत होतं, रोज गठ्ठा केसभर सरकत होता. वीस किलोचा. बरोबर त्याच्याखाली झोळीचा हूक, आणि त्या झोळीत मी दिवसातून चारदा माझ्या मुलीला ठेवत होते. दार लावून. मांजर येऊ नये म्हणून.

मामंजी परत वर आले, त्यांनी आणि कल्लप्पानं गठ्ठा ओढून घेतला. मग काळं पिल्लू खाली आलं, कल्लप्पाच्या मुठीत मावेल एवढं, डोळे चिकटलेले. मी हात पुढं केला तोवर मांजरानं ते मानेला धरून नेलंसुद्धा, आणि जुन्या खोक्यात आडवं पडून त्याला चाटायला लागलं. गप्प.

"उरलेली आण," मी कल्लप्पाला म्हटलं. "आत्ता जा."

मामंजींनी तोवर माग सुरू करू दिले नाहीत. आम्ही सगळे जिन्यात बसून राहिलो. कल्लप्पा तासाभरानं आला, पिशवी छातीशी धरून. मी स्वतः हात घालून मोजली. करडं. करडं. पिशवीत आणखी काही नव्हतं.

"पांढरं घावलं न्हाय वैनी. गोठेवाला बी न्हवता."

मांजरानं दोघांना हुंगलं, चाटलं. मग उठलं, फाटकाकडे तोंड केलं आणि ओरडायला लागलं.

ते कुठं बघतंय हे आता मला कुणाला विचारावं लागलं नाही. मी काव्याला सासूबाईंच्या हातात दिलं. सात महिन्यांत तिला सोडून मी फाटकाबाहेर गेले नव्हते.

"झोळीत ठेवू नका. मांडीवरच ठेवा."

"जा तू. मी हाय की."

कल्लप्पाच्या गाडीवर मागं बसून गेले. गोठा रस्त्याला लागूनच होता. गोठेवाला परत आला होता, कडबाकुट्टीच्या, कडबा कापायच्या मशीनच्या तोंडाशी पेंढी लावून ठेवत होता. आम्ही दोघं बाजूला रचलेल्या पेंढ्यांत हात घालत फिरलो. काही नाही. गाडी अजून फाटफाट करत उभीच होती.

"कल्लप्पा, गाडी बंद कर."

त्यानं किल्ली फिरवली. मी श्वास धरला. आधी माझ्याच कानातला खडखडाट. मग एक म्हैस. मग, अगदी खालून, बारीक, शेवटाला चढत जाणारा आवाज. या वेळी ओळखायला मला क्षणही लागला नाही. तो मशीनच्या तोंडाशी लावलेल्या पेंढीतून येत होता, आणि गोठेवाल्याचा हात बटणावर होता.

"थांबा!" मी ओरडले. आठ माग चालू असते तरी घरात ऐकू गेलं असतं, एवढ्या मोठ्यानं.

त्याचा हात थांबला.